डोहाळे की दुखणे?
गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतील मळमळ, उलट्या व पोटाच्या तक्रारी

प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात ज्या तक्रारी वारंवार कानी पडतात, त्यांत ‘पोटात काही टिकत नाही’ ही तक्रार अग्रभागी असते. पुष्कळदा ती गर्भवती स्वतः सांगत नाही. सोबत आलेली सासू, आई अथवा जाऊ सांगते आणि सांगतानाच पुढे जोडते, ‘तसे काही विशेष नाही, डोहाळेच आहेत.’ बहुतेक वेळा तिचे म्हणणे खरेही असते. परंतु ज्या थोड्या वेळा ते खरे नसते, त्या वेळी हेच वाक्य रुग्णास रुग्णालयात आणण्यास आठ-दहा दिवसांचा विलंब घडवून आणते. स्वाभाविक त्रास कोठे संपतो आणि दुखणे कोठे सुरू होते, ही सीमारेषा घरातील प्रत्येकास ओळखता यावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

डोहाळ्यांचे कौतुक

आपल्याकडे गर्भवतीच्या आवडीनिवडींना मोठा मान आहे. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दाशी नाते सांगतो. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली, असे संबोधिले असून तिच्या इच्छा अपूर्ण ठेवू नयेत, असे सांगितले आहे. सातव्या महिन्यात होणारे डोहाळजेवण हे याच भावनेचे सुंदर रूप होय. मात्र डोहाळजेवणाचे ताट सजते तोवर बहुसंख्य स्त्रियांचा त्रास सरलेला असतो. खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. त्या वेळी पोट दिसत नाही, बातमी चारचौघांत सांगितलेली नसते आणि घरातील, शेतातील वा कार्यालयातील काम मात्र पूर्वीइतकेच असते. ज्या काळात तिला आधाराची सर्वांत अधिक गरज असते, त्याच काळात तिच्या त्रासाकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

हा त्रास का होतो?

दहांपैकी सुमारे सात ते आठ गर्भवतींना कमी-अधिक मळमळ होते व साधारण निम्म्या स्त्रियांना उलट्या होतात. शेवटच्या पाळीपासून मोजता चौथ्या ते सातव्या आठवड्यात त्रासास प्रारंभ होतो, नवव्या आठवड्याच्या सुमारास तो शिगेस पोहोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरतो. ‘सकाळची मळमळ’ असे त्यास म्हटले जाते खरे. परंतु ती दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, पुष्कळदा दिवसभर असते.

एके काळी या उलट्यांचे मूळ स्त्रीच्या मनात शोधले जाई. तिला मूल नको असावे, असा तर्क पाश्चात्त्य वैद्यकातील काही मंडळींनी मांडला आणि रुग्णास नातेवाइकांपासून दूर, एकान्तात ठेवण्याचे उपचारही केले. ही समजूत आता निराधार ठरली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाकडे निर्देश केला. गर्भ व वार यांतून हे संप्रेरक मातेच्या रक्तात येते आणि मेंदूतील उलटीच्या केंद्राजवळील भागास उत्तेजित करते. ज्या स्त्रीच्या रक्तात गर्भधारणेपूर्वी त्याचे प्रमाण कमी असते, तिला त्याची सवय नसल्याने त्रास अधिक होतो. याउलट बीटा थॅलेसेमियामुळे ज्यांच्या रक्तात ते मुळातच अधिक असते, त्यांना गर्भारपणात मळमळ फारशी होत नाही. या संशोधनातील एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांनी स्वतः १९९९ मध्ये तीव्र उलट्यांच्या व्याधीत आपला गर्भ गमावला होता. ‘मला हे का झाले?’ या प्रश्नाचा त्यांनी पुढे दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला.

याचा साधा अर्थ असा, की ही मळमळ म्हणजे नाजूकपणा नव्हे, कामचुकारपणा नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. ‘आम्हांलाही झाले होते, आम्ही नाही सहन केले?’ या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. दोन स्त्रियांचे त्रास सारखे नसतात. एकाच स्त्रीची दोन गर्भारपणेही सारखी नसतात.

घरी करावयाचे उपाय

पोट अगदी रिकामे राहिले, की मळमळ वाढते आणि ते तुडुंब भरले तरीही वाढते. म्हणून दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे खावे. रात्री निजताना उशाशी साळीच्या लाह्या, चुरमुरे, खाकरा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा ठेवावा व सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दोन-चार घास चावून खावेत. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी सावकाश उठावे. उपाशीपोटी चहा घेणे टाळावे.

फोडणीचा, तळणाचा वा मासळीचा वास अनेकींना असह्य होतो. शक्य असेल तेथे काही आठवडे स्वयंपाकाचे काम दुसऱ्या कोणी करावे. गरम पदार्थांचा दरवळ अधिक असतो. त्यामुळे निवलेला मेतकूट-भात, दहीभात, नाचणीची आंबील, मुगाची पातळ खिचडी असे पदार्थ बरे पडतात. तिला जे पोटात टिकते, ते त्या दिवसांत योग्य अन्न समजावे. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ असा आग्रह या काळात उपयोगाचा नाही. बारा आठवड्यांचा गर्भ जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर लांबीचा असतो. त्यासाठी मातेने पहिल्या तीन महिन्यांत अधिक जेवण्याची आवश्यकता नसते. काही आठवडे आहार कमी झाला, तरी एरवी प्रकृती ठीक असलेल्या स्त्रीच्या बाळास त्यामुळे सहसा अपाय होत नाही.

पाण्याचे मात्र तसे नाही. जेवताना पाणी कमी प्यावे; परंतु दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत घोट-घोट करून दिवसभर प्यावे. साधे पाणी नकोसे झाल्यास लिंबू-सरबत, कोकम सरबत, पातळ ताक, शहाळ्याचे पाणी किंवा भाताची पेज चिमूटभर मीठ घालून द्यावी. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने द्रव देण्यास पुन्हा प्रारंभ करावा. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर छापलेल्या मापाइतक्याच पाण्यात कालवावी.

आल्याचा उपयोग आपल्या आजीबाईच्या बटव्यात पूर्वापार आहे आणि सौम्य मळमळीत त्याचा काही प्रमाणात लाभ होतो, असे आधुनिक चाचण्यांतही आढळले आहे. आल्याचा लहान तुकडा मीठ-लिंबू लावून चघळावा अथवा आलेपाकाची एखादी वडी घ्यावी. मात्र दिवसभर तीव्र काढे पिऊ नयेत. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे.

दोन सवयींविषयी स्पष्टपणे सांगणे भाग आहे. तोंडाची बेचव जावी म्हणून काही स्त्रिया मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. त्यातील निकोटीन रक्तावाटे गर्भापर्यंत पोहोचते आणि मळमळही वाढवू शकते. दुसरी सवय माती, खडू, राख किंवा भिंतीचा पोपडा खाण्याची. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील सुदक्षिणा राणीलाही मातीचे डोहाळे लागले होते; परंतु आजच्या डॉक्टरांस अशा डोहाळ्यांत प्रथम रक्तक्षयाची शंका येते. अशा स्त्रीस न रागावता तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

उपवासाविषयीही दोन शब्द. संकष्टी, सोमवार, गुरुवार किंवा ग्रहण यांच्या निमित्ताने दिवसभर रिकामे पोट ठेवून रात्री साबुदाणा, शेंगदाणे, तळलेले पदार्थ खाणे या अवस्थेत त्रासाचे ठरते. व्रत पुढे ढकलता येते.

आम्लपित्त, पोटफुगी आणि बद्धकोष्ठ

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने आतड्यांचे स्नायू सैलावतात. अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो, जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडते आणि आम्ल वर येते. छातीतील जळजळ, करपट ढेकर, पोटफुगी व बद्धकोष्ठ ही त्याचीच फळे होत. जेवल्यानंतर लगेच आडवे न होणे, रात्रीचे जेवण लवकर व हलके घेणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवून डाव्या कुशीवर निजणे, यांनी पुष्कळ आराम पडतो. खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पिण्याचा प्रघात मात्र सोडावा. त्यातून शरीरात क्षाराचे प्रमाण अकारण वाढते. आम्लपित्तावर गर्भारपणात चालणारी औषधे उपलब्ध आहेत. ती विचारून घ्यावीत.

बद्धकोष्ठासाठी पालेभाज्या, सालीसकट डाळी, पेरू, भिजवलेल्या मनुका, पुरेसे पाणी व थोडे चालणे हा पहिला उपचार. इसबगोल घेतल्यास त्यासोबत भरपूर पाणी प्यावे. जुलाबाची तीव्र औषधे किंवा एरंडेल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळ व बद्धकोष्ठ वाढते, ही तक्रार खरी आहे. शासकीय कार्यक्रमानुसार लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात; पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. ही लहानशी गोळी उलट्यांच्या भयाने बंद करू नये, कारण बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची जडणघडण याच प्रारंभीच्या आठवड्यांत होते. सकाळी घेऊन ती टिकत नसेल, तर रात्री निजताना घ्यावी.

औषधांचे भय

‘या दिवसांत कोणतेही औषध घ्यायचे नाही’ हा समज घरोघरी आहे आणि त्यास इतिहास आहे. १९५७ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले. ते गर्भवतींच्या मळमळीवरही वापरले गेले आणि त्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व अन्य गंभीर व्यंगांसह जन्मास आली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून त्यास परवानगी नाकारली. त्यामुळे तो देश या अनर्थातून मोठ्या प्रमाणावर वाचला.

या इतिहासाची दुसरीही बाजू आहे. डॉक्सिलामाइन व पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांचा समावेश असलेले मळमळीवरील एक औषध अमेरिकेत १९५६ पासून वापरात होते. व्यंगांच्या आरोपांवरून खटले दाखल झाले आणि अभ्यासांत दोष सिद्ध झालेला नसतानाही उत्पादकांनी १९८३ मध्ये ते मागे घेतले. त्यानंतरच्या वर्षांत तेथे तीव्र उलट्यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. अखेर २०१३ मध्ये याच जोडऔषधास तेथे पुन्हा मान्यता मिळाली. भारतातही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. परीक्षा न झालेले औषध घेणे जसे धोक्याचे, तसेच परीक्षेस उतरलेले औषध भयापोटी नाकारणेही धोक्याचे, हा धडा या दोन घटनांतून मिळतो. दुकानातून परस्पर गोळी आणू नये आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंदही करू नये.

पाणी, लघवी आणि वजन

त्रास स्वाभाविक आहे की दुखणे झाला आहे, हे ओळखण्यासाठी घरच्या मंडळींनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे.

पहिली गोष्ट पाणी. घोटभर पाणीही चोवीस तास पोटात टिकत नसेल, तर वाट पाहू नये.

दुसरी लघवी. आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा ती अतिशय थोडी व गडद पिवळी होत असेल, तर शरीरातील पाणी धोकादायक प्रमाणात घटले आहे असे समजावे. उभे राहताच भोवळ येणे, जीभ कोरडी पडणे ही त्याचीच लक्षणे होत.

तिसरी वजन. गर्भारपणापूर्वीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घट ही गंभीर बाब आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीत ही घट अडीच किलोची होते. चाळीस किलो वजनाच्या कृश स्त्रीत ती केवळ दोन किलोची होते. म्हणूनच पहिल्या भेटीत वजन नोंदवून घेणे महत्त्वाचे आहे.

या तीन गोष्टींखेरीज पुढील चिन्हे दिसल्यास उलट्यांचे कारण वेगळे असू शकते : ताप, पोटात तीव्र वेदना, उलटीत रक्त, रक्तस्राव, लघवीची जळजळ, डोळ्यांवर पिवळेपणा, तीव्र डोकेदुखी किंवा बरळणे. उलट्या तिसऱ्या महिन्यानंतर प्रथमच सुरू झाल्या, तर त्यांस डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. कावीळ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आंत्रपुच्छाचा दाह, हिवताप अशा व्याधी या दिवसांतही होऊ शकतात. मधुमेह, फेफरे किंवा थायरॉइडची औषधे नियमित घेणाऱ्या स्त्रीच्या पोटात ती टिकत नसतील, तर तिने त्याच दिवशी दाखवावे.

याउलट मळमळ मुळीच नसल्यास घाबरण्याचे कारण नाही. अनेक स्त्रियांना ती होत नाही आणि त्यांची बाळंतपणे सुखरूप होतात.

रुग्णालयात काय केले जाते?

शंभर गर्भवतींपैकी साधारण एक ते तीन जणींच्या उलट्या तीव्र रूप धारण करतात. ‘जेन एअर’ या कादंबरीच्या लेखिका शार्लट ब्रॉन्टे यांचा ३१ मार्च १८५५ रोजी इंग्लंडमधील हॉवर्थ येथे मृत्यू झाला. त्या वेळी त्या गर्भवती होत्या व सततच्या उलट्यांनी खंगल्या होत्या. मृत्युदाखल्यावर क्षय अशी नोंद असली, तरी त्यांचा अंत याच व्याधीने झाला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज अशा रुग्णास वाचविण्यासाठी लागणारी सामग्री लहान रुग्णालयातही असते. फक्त रुग्ण वेळेवर यावा लागतो.

दाखल झाल्यावर प्रथम वजन, नाडी व रक्तदाब पाहिला जातो. रक्तातील सोडियम-पोटॅशियम, मूत्रपिंड व यकृत यांचे कार्य आणि लघवी तपासली जाते. सोनोग्राफीने गर्भ सुस्थितीत आहे ना, जुळी आहेत का, अथवा द्राक्षगर्भ तर नाही ना, याची खात्री केली जाते. कारण या अवस्थांत उलट्या अधिक असतात. त्यानंतर शिरेवाटे सलाइन, आवश्यक ते क्षार व उलटी थांबविणारी औषधे दिली जातात.

येथे नातेवाइकांच्या एका आग्रहाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. ‘ताकदीची बाटली लावा’, म्हणजे ग्लुकोज द्या, अशी विनंती वारंवार होते. दीर्घकाळ उलट्या होत असलेल्या स्त्रीच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते. अशा स्थितीत ते न देता आधी ग्लुकोज चढविल्यास मेंदूस गंभीर व कधी कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्रथम ब-१ दिले जाते. गावातील दवाखान्यात ‘एक बाटली लावून’ परत नेण्यापेक्षा तपासणीसह उपचार होणे का महत्त्वाचे, हे यावरून ध्यानी यावे. पाणी घटल्याने व सतत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. त्याकडेही लक्ष द्यावे लागते. बहुतेक रुग्णांस दोन-तीन दिवसांत उतार पडतो. काहींना पुन्हा यावे लागते; त्यात संकोच मानू नये.

विलंबाची कारणे आणि आपले कर्तव्य

रुग्ण उशिरा येण्यामागे अज्ञान हे एकच कारण नसते. धुणीभांडी करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या वा ऊसतोडीला गेलेल्या स्त्रीस एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. रिकाम्या पोटी एसटीचा प्रवास, रांगेत जाणारा वेळ आणि तपासण्यांचा खर्च यांचा हिशोब करूनच ती घरी थांबते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात असतात. पैशांच्या विवंचनेने गर्भवतीस घरी ठेवू नये. रुग्णालयातील समाजसेवकांस भेटावे.

सलाइनच्या दोन बाटल्या, जीवनसत्त्वाची काही इंजेक्शने, दोन रात्रींची खाट, एवढ्या अल्प साधनांनी एक माता सावरते आणि तिचे बाळ सुखरूप वाढते. देणगीदारांच्या दानाचे मोल मोठ्या यंत्रांच्या खरेदीत दिसते, तसे ते या न दिसणाऱ्या खर्चातही असते.

घरच्या मंडळींकडून मात्र आम्ही दानापेक्षा निराळी अपेक्षा करतो. ती ‘होत नाही’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवावा. तिला पहाटे दोन घास आणून द्यावेत, फोडणीच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत बसू द्यावे. ती सतत रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कारण आठवड्यामागून आठवडे उलट्या सोसणारे मनही थकते. आणि रोज संध्याकाळी तिला तीन प्रश्न विचारावेत : पाणी टिकले का? लघवी झाली का? अंगावरचे कपडे सैल होत आहेत का? उत्तरे समाधानकारक असतील, तर डोहाळ्यांचे कौतुक खुशाल करावे. तशी नसतील, तर त्याच रात्री तिला रुग्णालयात आणावे.